आठवा उद्गार

आमच्या खडकीच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये गुड फ्रायडेला सात जण बोलतात. प्रभू वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात माणसं, दुपारी बारा ते तीन. तीनला त्यानं प्राण सोडला, म्हणून तीनच्या आधी देवळातून कुणी उठायचं नाही. हे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. आमच्याकडे फरक एवढाच, की एकदा मिळालेला उद्गार माणूस मरेपर्यंत सोडत नाही. जुन्या भाडेकरूसारखं आहे ते. माझ्याकडे दुसरा उद्गार आहे, शेजारी टांगलेल्या चोराला सुखलोकाचं आश्वासन दिलं तो. इतकी वर्षं मी चोरावर बोलतोय, की मंडळीतली पोरं मला एलियाकाका न म्हणता चोरकाका म्हणतात. बायको म्हणते, विषय अंगचाच आहे.

पाचवा उद्गार तहानेचा. तो शांतवन पाटोळेचा.

शांतवन माझा बालमित्र नाही, म्हातारपणचा मित्र आहे, आणि तो प्रकार जास्त टिकतो. दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाज असा, की माइक लागत नाही. तरी माइक घेतो. तो तहानेवर बोलायला लागला की कोरड्या विहिरी, भेगाळलेली तळी, वाळवंटातले उंट असं सगळं एकेक करून देवळात येऊन बसायचं. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातलं पाणी चार बोटं उतरायचं. मी कुंडाला लागूनच बसतो, म्हणून सांगतो. एका वर्षी बोपोडीकडून निघालेला अग्निशमन दलाचा बंब आमच्या फाटकाशी येऊन थांबला. ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, इथून कुणीतरी बोलावलंय. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेर लाउडस्पीकर लावलेला होता, एवढंच. शहाळेवाला तर चौथा उद्गार संपता संपता गाडी आणून फाटकाबाहेर लावायचा. तो हिंदू, पण त्याला सातही उद्गारांचा क्रम पाठ.

आता मुख्य गोष्ट. शांतवन तहानेवर बोलायचा तो तहानलेला राहून बोलायचा. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनात द्राक्षारसाचा घोट घेतला, की त्यानंतर पाण्याला तोंड लावायचं नाही. शुक्रवारी पाचवा उद्गार बोलून खाली उतरायचं, मग पहिला पेला. का, असं विचारलं तर म्हणायचा, "ओल्या घशानं तहानेवर काय बोलणार?" आम्हाला ते पटायचं. तहानेवर आम्हाला बोलायचं नव्हतंच.

मागच्या वर्षी पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या, पायऱ्या उतरताना त्याला अंधारी आली. खाली इंदुबाई साळवे होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, अंगानं भक्कम. त्यांच्यावर तो टेकला म्हणून वाचला. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं निम्मी थकली आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असे दिवसभर पाण्याशिवाय राहिले, तर त्यांना डायलिसिसलाच घेऊन या.

मुलगी उत्कर्षा. बँकेत आहे, लग्न करून सासरी गेली होती, आई वारल्यावर नवऱ्यासकट बापाकडे राहायला आली. या वर्षी गुड फ्रायडेआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला ती देवळात आली. वेदीमागच्या खोलीत आमच्या पाळकबाई होत्या, रेव्हरंड निकिता उजागरे. वयानं तरुण, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. मी तिथेच बसून मेणबत्त्यांची बुडं खरवडत होतो.

"पाळकबाई, पप्पांचं नाव या वर्षी यादीतून काढा," उत्कर्षा म्हणाली.

"पाटोळेकाकांचं? मंडळी मलाच काढेल."

"उद्गार नसला तर ते पाणी पितील. बोलायचंच नाही म्हटल्यावर कोरडं कशाला राहतील? मी सांगून ते ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचंच ऐकतील, कारण तुमच्या हातात यादी आहे."

"त्यांना काय सांगू?"

"काहीही सांगा. माझं नाव तेवढं नको."

निकिताबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "वाईट होणं पाळकाच्या कामातच येतं. आधीचे पाळक तर विनाकारण व्हायचे."

"एलियाकाका," उत्कर्षा म्हणाली, "तुम्ही काही ऐकलेलं नाही."

"मला तसंही डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"मी उजवीकडे बसलेय."

"मग पंचाईत आहे," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी निकिताबाईंनी पुलपिटवरून जाहीर केलं, की तरुणांना संधी मिळावी म्हणून पाचव्या उद्गारावर चैताली बोलेल. चैताली हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी पोरगी. सातवा उद्गार नेहमी पाळकाचा, बाकी पाच नावं तीच होती. निकिताबाईंना शास्त्र येत होतं, राजकारण येत नव्हतं. एकच नाव बदलायचं असेल तर तीन बदलावीत हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

उपासनेनंतर शांतवन फाटकाशी उभा होता. उत्कर्षा त्याची पिशवी धरून शेजारी.

"तरुणांना संधी म्हणजे सातांतला एकच तरुण?" तो मला म्हणाला. "आणि तू, चोर, तसाच?"

"चोराला कुणी तरुण मिळाला नसेल."

"कुणीतरी कान भरलेत बाईंचे. उत्कर्षा, तुला काही माहीत आहे?"

"मला काय माहीत, पप्पा," ती म्हणाली आणि कानाची पाळी चोळत रिक्षा बघायला लागली.

शांतवन तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी बिशपांकडे जाणार."

गेला. मलाही नेलं. आमचे बिशप म्हणजे सगळ्या प्रांताचे मोठे पाळक, पण कॉलेजातून नुकते बाहेर पडले तेव्हा काही महिने खडकीतच शिकाऊ होते. शांतवनचा तहानेचा उद्गार त्यांनी त्या वयात पुढच्या बाकावर बसून ऐकला होता. म्हणून आम्ही आत गेल्या गेल्या ते म्हणाले, "या पाटोळे. पाणी घेणार?"

शांतवननं पाणी घेतलं. अजून गुरुवार लांब होता. मग त्यानं सगळं सांगितलं, म्हणजे अर्धा तास सांगितलं.

"यादी पाळक करतात," बिशप म्हणाले.

"मी तुमच्याकडे अपील केलंय."

"पाटोळे, माझ्या हातात दृढीकरण, दीक्षा आणि बदल्या. उद्गार माझ्या हातात नाहीत."

"मग पाळकबाईंची बदली करा."

"त्यांना येऊन वर्ष नाही झालं. आणि तुमच्याकडे कुणी यायला तयार होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. का होत नाही, तेही."

आम्ही रिक्षानं परत निघालो. होळकर पुलावर गाडी अडकली तेव्हा शांतवन म्हणाला, "उद्गार घेतला त्यांनी. तहान तर माझीच आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारनंतर पाणी नाही. नेहमीसारखंच."

"अरे, पण नेहमी तू बोलून मोकळा व्हायचास. या वर्षी बोलायचंच नाही, तर सोडणार कधी?"

"ते ज्यानं उद्गार काढून घेतला त्याला विचार," तो म्हणाला आणि नदीकडे बघत बसला. नदीत त्या दिवसांत पाणी नसतं, जलपर्णी असते.

म्हणजे उत्कर्षाची युक्ती उलटली होती. आधी बापाच्या तहानेला निदान शेवट होता, आता तोही गेला. हे तिला सांगायला हवं होतं. ती बँकेत होती म्हणून मी इंदुबाईंना सांगितलं. फक्त इंदुबाईंना. संध्याकाळपर्यंत रेंजहिल्सच्या क्वार्टर्समधले लोक मला फोन करून विचारत होते, की पाटोळे आमरण उपोषणाला बसलेत हे खरं का.

उत्कर्षा पुन्हा निकिताबाईंकडे धावली. त्या भल्या बाई. त्यांनी चैतालीला विचारलं. ती म्हणाली, घ्या परत, मला तर सुटल्यासारखं होईल. मग पवित्र गुरुवारी प्रभुभोजन झाल्यावर निकिताबाई स्वतः शांतवनच्या घरी गेल्या. मी आणि इंदुबाई आधीच तिथे होतो, कारण काय होतं ते बघायचं होतं.

"काका, पाचवा उद्गार तुमचा. माझं चुकलं," निकिताबाई म्हणाल्या.

"यादी छापून झाली," शांतवन म्हणाला.

"मी पुलपिटवरून सांगेन."

"बाई, काढून घेतलेला उद्गार दया म्हणून परत मिळाला, तर तो घेऊन मी उभा कसा राहू? तो चैतालीचा झाला. तिनं बोलावं. मी ऐकेन."

"आणि पाणी?"

"पाण्याचा तुमच्या यादीशी काय संबंध?"

इंदुबाई म्हणाल्या, "शांतवन, तू मेलास तर उद्गार तसाही जाणार आहे."

"मग तर भांडणच मिटलं," तो म्हणाला.

उत्कर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पाण्याची बाटली भरून त्याच्या उशाशी ठेवली. सकाळी बाटली रिकामी होती. तिला जरा बरं वाटलं. मग ती बाल्कनीत गेली, तर अबोलीची कुंडी ओली.

शुक्रवारी असं ऊन पडलं होतं, की फाटकाचं लोखंड रुमाल धरून उघडावं लागत होतं. आमचं देऊळ गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेलं. बाकांच्या पाठींना खाचा आहेत. त्यांच्या काळी प्रार्थना करताना बंदुका त्यात उभ्या करून ठेवत. हल्ली तिथे छत्र्या आणि काठ्या राहतात. शांतवननं काठी खाचेत लावली आणि माझ्या पुढच्या बाकावर बसला. ओठ पांढरे पडलेले. उत्कर्षा त्याच्या शेजारी, मांडीवर पर्स, पर्समध्ये बाटली, बाटलीवर हात. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत होती.

बारा वाजता सुरुवात झाली. त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. मी शपथेवर सांगतो, आणि मी शपथ फार कमी वेळा घेतो.

पहिला उद्गार क्षमेचा. तो आमच्या सेक्रेटरींचा. ते उभे राहिले, शांतवनकडे पाहिलं, हातातले कागद पाहिले, आणि कागद घडी करून खिशात घातले. "त्यानं क्षमा केली. आपणही करावी. मला जमलेलं नाही, प्रयत्न चालू आहे." एवढं बोलून बसले.

मग मी. माझा चोर एरवी अर्धा तास घेतो. त्याचं बालपण, त्याची वाईट संगत, त्याची आई, पहिली चोरी कोंबडीची, दुसरी शेळीची. शास्त्रात यातलं काही नाही, मी स्वतः मिळवलेली माहिती आहे. त्या दिवशी मी म्हटलं, "चोर होता. मागितलं. मिळालं. आमेन." खाली उतरताना बायकोनं माझ्याकडे पाहिलं, तसं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिसरा इंदुबाईंचा, आईला शिष्यावर सोपवल्याचा. इंदुबाईंनी आयुष्यात पाऊण तासाखाली काही सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मरताना त्याला आईची काळजी होती. पोटच्या पोरांना आपली काळजी असते, ती त्यांना करू द्यावी." शेवटचं वाक्य एकाच बाकाकडे बघून. चौथा उद्गार, देवा तू मला का सोडलंस हा, निवृत्त सुभेदार लोंढेंचा. त्यांनी सॅल्यूट केल्यासारखी मान ताठ केली. "याचं उत्तर मला माहीत नाही," म्हणाले आणि बसले. सुभेदार इतकं खरं बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मधली गीतंसुद्धा एकेका कडव्याची, आणि चाल अशी की दुःखाची उपासना चाललीय का वरात निघालीय कळेना. अर्ध्या तासाच्या आत आम्ही पाचव्या उद्गाराशी येऊन पोचलो. एरवी इथवर यायला पावणेदोन होतात. ज्याचा त्याचा हिशेब एकच होता: तहानेचा उद्गार एकदाचा उरकला, की कदाचित हा माणूस पाणी पिईल.

चैताली पुलपिटवर गेली.

"मी स्लाइड्स केल्या होत्या," ती म्हणाली. "पाळकबाईंनी प्रोजेक्टर नको म्हटलं. म्हणून मग मी काल पुन्हा तो भाग वाचला. मला वाटायचं, तो तहान लागली म्हणाला आणि तसाच राहिला. पाटोळेआजोबा इतकी वर्षं बोलायचे, त्यावरून मला तसंच वाटायचं. पण पुढं वेगळंच आहे. कुणीतरी स्पंज भिजवून वर धरला. आंबट काहीतरी होतं, चांगलं नव्हतं. देणारेही काही चांगले नव्हते. पण त्यानं ते घेतलं. घेतल्यावर मग तो पुढचं बोलला, पूर्ण झालं म्हणून."

वेदीजवळ एक माठ होता, मुलांसाठी ठेवलेला. ती खाली उतरली, पेला भरला आणि थेट शांतवनच्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, त्यानं घेतल्याशिवाय सहावा उद्गार नाही. कदमकाका सहाव्याला कात्रजहून आलेत, दोन बस बदलून. तुम्ही घेतल्याशिवाय त्यांना बोलता येणार नाही."

कात्रजचे कदम डेअरीत नोकरीला होते, माणूस गरीब. ते आपले उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. शांतवनला शास्त्र आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होतं. तो मनातल्या मनात तो भाग उलटसुलट करून बघतोय हे मला मागून त्याच्या मानेवरून कळत होतं. पळवाट नव्हती.

"थंड आहे का?" त्यानं विचारलं. आवाज पत्र्यावर घासल्यासारखा.

"माठातलं आहे."

त्यानं पेला घेतला. सगळा प्यायला. मग रिकामा पेला तिच्याकडे न देता उत्कर्षाकडे दिला, आणि उत्कर्षानं पर्समधल्या बाटलीतून तो पुन्हा भरला. दुसराही प्यायला. माझ्या शेजारच्या कुंडातलं पाणी तेवढ्यात दोन बोटं वर आलं. हे मी कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणून सांगत नाही.

कदमांनी सहावा उद्गार सांगितला, सातवा निकिताबाईंनी. दोघांचंही दडपण गेल्यामुळे त्यांनी फार लांबवलं नाही. आणि मग बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

अजून एकसुद्धा वाजला नव्हता.

ही चूक फक्त आमचीच मंडळी करू शकते. सातही उद्गार संपले होते, प्रभूचं सगळं बोलून झालं होतं, आणि तीनच्या आधी उठायचं नाही हा नियम डोक्यावर तसाच. घाईघाईत कुणी पुढचा विचारच केला नव्हता. फाटकाबाहेर शहाळेवाला नुकता येऊन पोचला होता. आत गीत नाही, बोलणं नाही, हे बघून तो दारात आला आणि घाबरून मला खुणेनं विचारायला लागला, की म्हातारे गेले का.

"आपण शांत बसून मनन करू," निकिताबाई म्हणाल्या.

आम्ही मनन केलं. पंखे फिरत होते. उपाशी पोटं बोलायला लागली. सुभेदार लोंढे मनन करता करता घोरायला लागले. इंदुबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "दोन तास असं बसवलं तर निम्मी मंडळी कॅथलिक होईल."

निकिताबाईंनाही ते दिसत होतं. कागद न घेता हवा तेवढा वेळ बोलू शकेल असा सगळ्या मंडळीत एकच माणूस होता.

"पाटोळेकाका," त्या म्हणाल्या, "वर येता का?"

"कशावर बोलू? सातही झाले."

"तुमचं तुम्ही ठरवा."

"माझं पाणी पिऊन झालंय."

"म्हणूनच बोलावतेय."

शांतवननं खाचेतली काठी काढली. सावकाश पायऱ्या चढला. उत्कर्षा मागे जायला उठली, त्यानं हातानंच तिला बसवलं. माइक घेतला. मला वाटलं, आता उंट. पण उंट नव्हते.

"बहात्तरच्या दुष्काळात मी रजा काढून गावी गेलो होतो, नगरकडे," तो म्हणाला. "आई पाण्याच्या रांगेत उभी राहायची. घरी आली की पहिला तांब्या माझ्यापुढे धरायची. मी म्हणायचो, आधी तू. ती म्हणायची, मी पिऊन आले. आणि कानाची पाळी चोळायची. मला वाटायचं, हंडा उतरवताना लागत असेल. पुढे लग्न झालं, ही मुलगी झाली. तिला लहानपणी विचारलं, दूध प्यायलीस का? म्हणाली, प्यायले. आणि कानाची पाळी चोळली. मी जाऊन पाहिलं, तर दूध कुंडीत. आजीला तिनं पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मला आईचं कळलं. पण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिला आता पाणी कुठं नेऊन देणार? म्हणून मी वर्षातला एक दिवस तिला म्हणत होतो, आधी तू. बाकी तुम्हाला सांगत होतो ते उंटबिंट सगळं वरचं."

उत्कर्षाचा हात कानाकडे गेला होता, तो तिनं खाली घेतला.

"गेल्या महिन्यात फाटकाशी मी हिला विचारलं, माझं नाव कुणी काढलं? म्हणाली, मला काय माहीत. आणि कान चोळला. त्यामुळे पाळकबाईंचा दोष नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी बिशपांकडे गेलो. रागवायला कुणीतरी लागतं, आणि मुलीवर रागवायची सोय नव्हती. ती माझ्यासाठी खोटं बोलली. आमच्या घरात पाण्यापायी खोटं बोलायची पद्धत जुनी आहे."

तो चैतालीकडे वळला. "ही चैताली म्हणते, त्यानं घेतलं. बरोबर आहे. मी इतकी वर्षं तिथवर वाचतच नव्हतो. देणाऱ्याचंही काही असतं. आई देत होती, मी घेत होतो, त्यात बहुतेक तिचं भागत असेल. हे मला आज दुसऱ्या पेल्याला सुचलं. पहिल्याला काही सुचलं नाही, पहिला नुसता चांगला लागला."

उत्कर्षा तोंडाला रुमाल लावून बसली होती. इथे त्यानं खाली उतरायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस उतरला असता. पण घड्याळात जवळजवळ दोन तास शिल्लक होते आणि घसा ओला झाला होता.

त्यानं उंट काढले.

उंटांवरून तो विहिरींवर गेला, विहिरींवरून नगर जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांवर, तिथून कारखान्यातल्या कूलरवर. ओल्या घशानं तर तो आणखीच लांब पल्ल्याचा झाला होता. तीन वाजले. निकिताबाई उभ्या राहिल्या. त्यानं त्यांना मान डोलावली आणि पुढे चालू ठेवलं. सव्वातीनला बाईंनी दिवे मालवले. त्यानं खिडक्यांच्या उजेडात चालू ठेवलं. शेवटी उत्कर्षा पुलपिटशी जाऊन म्हणाली, "पप्पा, गोळीची वेळ झाली," तेव्हा तो थांबला. कुठली गोळी, ते कुणी विचारलं नाही. तिनं कान मात्र चोळला, हे सगळ्यांनी पाहिलं, त्यानंही पाहिलं, आणि तिचा हात धरून खाली उतरला.

बाहेर येताना इंदुबाई म्हणाल्या, "प्रभू तीनला सुटला. आपण अडकलो."

शहाळेवाल्याची गाडी तोवर रिकामी झाली होती. लोक आतून एकेक करून लहान मुलाला शू लागल्याचा बहाणा करून बाहेर येत होते. ज्यांना मूल नव्हतं त्यांनी दुसऱ्याचं नेलं.

जूनमध्ये बिशप पोरांच्या दृढीकरणाच्या विधीसाठी आले. उपासनेनंतर चहा घेताना त्यांनी निकिताबाईंना विचारलं, "खडकीत आठ उद्गार झाल्याचं ऐकतो."

"सातच आहेत, बिशपसाहेब. वेळ उरला तरच आठवा."

"आणि वेळ उरतो?"

"यापुढे उरवतील," बाई म्हणाल्या. बिशपांनी शांतवनकडे पाहिलं. शांतवन पाणी पीत होता.

पुढच्या वर्षाची यादी परवा लागली. पाचव्यापुढे चैतालीचं नाव आहे. माठ आणि पेला तिनंच आणायचा, असं ठरलंय. पवित्र गुरुवारनंतरही शांतवन पाणी पिणार आहे, एका अटीवर, की पहिला पेला उत्कर्षानं त्याच्यासमोर प्यायचा. यादीच्या खाली, आकडा न घालता, नुसतं 'पाटोळे' असं लिहिलंय.

चोर अजून माझ्याकडेच आहे. त्याला यंदाही कुणी तरुण मिळाला नाही.